पाठीवरचे तेवढे राहिले

एकोणचाळिसाव्या वर्षी
मला कांजिण्या आल्या.

डॉक्टरीणबाई आधी हसल्या,
मग हसू खोकल्यात लपवलं, मग गंभीर झाल्या.
या वयात जपावं लागतं, म्हणाल्या,
आणि छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या,
आत कुणी लपून बसलंय
आणि ते आत्ता फिदीफिदी हसेल, अशा.

कुठून आल्या ते मला ठाऊक आहे.
आमच्या इमारतीची लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
नवव्या मजल्यावरच्या गागाकडे नाणं नव्हतं, मी टाकलं.
आठ मजले तो गळ्याशी खाजवत होता
आणि वर्गातलं कासव कसं हरवलं ते सांगत होता.
इतक्या स्वस्तात या कुताइसी शहरात
मला दुसरं काही मिळालेलं नाही.

नोंदणी कचेरीत मी लोकांच्या जमिनींवर शिक्के मारतो.
आता माझ्यावरच मारलेत कुणी,
घाईघाईत, जागा न बघता,
पापणीवरसुद्धा एक.

औषधवालीनं हिरव्या औषधाची बाटली पुढे सरकवली.
"बाळ केवढं आहे?"
मफलर नाकापर्यंत ओढून मी म्हणालो,
मोठं आहे.

रात्री बारीहून आईचा फोन येतो.
अस्सुंताबाई नऊला झोपतात, मग ती आपली असते.
आधी ग्रीस, मग इटली; सव्वीस वर्षं
परक्यांच्या म्हाताऱ्या आयांना कूस बदलून देते.
गेली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो
आणि ठणठणीत होतो.

"दिव्याखाली ये. जीभ. कानामागे."
मग आवाज उतरवून, शेजारी कुणी झोपल्यासारखा:
"धनी आलेत तुझ्याकडे. नीट वाग."

आमच्याकडची जुनी माणसं असंच म्हणतात.
धनी समुद्रापलीकडून येतात, पोरांच्या अंगात उतरतात,
मान राखला तर आपल्या पावली जातात.
लाल कापड टांग. कोंबडी कापू नकोस.
घरात भांडण नको.
"एकटा तर आहे मी. भांडू कुणाशी?"
"माझ्याशी. नेहमीसारखा."

लाल कापड नव्हतं.
फुटबॉलच्या संघाचा जुना झेंडा सापडला,
तो खिडकीला बांधला. हरलेला संघ आहे,
पण धनी चालवून घेतील.

"तू सात वर्षांचा होतास," ती सांगत होती,
"खालच्या मानानाला आल्या होत्या.
तिच्या अंथरुणात मुद्दाम झोपवलं तुला,
तिच्या पेल्यातून दूध पाजलं,
म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे, मी आहे तोवर."
थांबली.
"तेव्हा काही आले नाहीत मेले."
धन्यांना मेले म्हणतात का, मी विचारलं.
तिनं घाईनं क्रूस केला, आणि हसली.

"आता पाठ."
एका हातात फोन, दुसऱ्यात काडी, काडीला कापूस.
"वर. अजून वर. नाही, उजवीकडे,
माझ्या नव्हे, तुझ्या."
हिरवं औषध कमरेपर्यंत ओघळलं.
"नऊ राहिले," ती म्हणाली. "फऱ्याखालचे तीन मोठे आहेत."
काडी पोचत नव्हती.
बारीत तिचा हात उचलला गेलेला मला दिसला,
बोटं चिमटीत धरलेली,
मग तो हात तिनं पदरासारख्या त्या एप्रनला पुसला.

तेवढ्यात तिकडे आतून हाक आली.
फोन पालथा न घालता ती गेली.
मला छत दिसत राहिलं,
ओलीचा एक डाग, बंद पंखा,
आणि दुसऱ्या खोलीतून ऐकू आली ती,
धन्यांची मनधरणी करायची ती अंगाई,
जिच्यात जांभळी फुलं आणि गुलाब येतात,
आमच्या भाषेत, अवाक्षर न कळणाऱ्या
एक्याण्णव वर्षांच्या बाईसाठी.

मी खाजवलं नाही.
बॅटरी चार टक्के उरली होती,
चार्जर स्वयंपाकघरात होता.
उठलो नाही.